'मवाली' कोणाला म्हणायचे?

(पनवेल येथे तरुण-तरुणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्र-मैत्रिणींनो, आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, मी एका शब्दावर बोलेन. त्यांना वाटले, मी 'तलाक' किंवा 'जिहाद' या शब्दावर बोलणार. मी म्हटले, 'मवाली'वर. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "चालेल, पण मुलांना काहीतरी घेऊन जाता आले पाहिजे." म्हणून आधीच सांगते, शेवटी तीन गोष्टी देणार आहे. तोवर माझ्याबरोबर थोडे फिरा.

मघाशी जेवणाच्या सुट्टीत मी तुमच्यातल्या काही जणांना विचारले, वाईट माणसाला आपण काय काय म्हणतो? भराभर शब्द आले. गुंड, लफंगा, टपोरी, लुच्चा, बदमाश, हरामखोर, भामटा, मवाली. काही शब्द असेही आले की ते माईकवर सांगता येणार नाहीत. आता यातला 'मवाली' आपण कधी वापरतो ते आठवा.

केस वाढवले, शर्टाचे वरचे बटण उघडे ठेवले, की घरातले म्हणतात, "मवाल्यासारखा दिसतोस." चार मुले नाक्यावर उभी असली की शेजारचे काका म्हणतात, "मवाली जमलेत." वर्तमानपत्रात हा शब्द जोडीने येतो, 'गुंड-मवाली'. १९८३ मध्ये जितेंद्रचा 'मवाली' आला, तेव्हा तो पोस्टरवरही चढला. मुलगी मोठ्याने हसली तर आजी म्हणते, "मवाल्यासारखी काय हसतेस?" बघा, मुलीसाठी या शब्दाचे वेगळे रूपसुद्धा कोणी केलेले नाही. नाक्यावर उभे राहण्याची सोयच तिला कोणी ठेवली नाही, तर शब्द कशाला करतील! आणि मुलगा चिखलाने माखून खेळून आला की आई लाडाने म्हणते, "आला माझा मवाली."

या सगळ्या वापरांत एक गोष्ट सारखी आहे. कोणालाही चोर म्हणायला चोरी व्हावी लागते. खुनी म्हणायला खून व्हावा लागतो. मवाली म्हणायला काहीच व्हावे लागत नाही. मुलगा, कपडे आणि नाका एवढे पुरते.

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगते. तो सतरा वर्षांचा होता. आमची अम्मी त्याला रोज मवाली म्हणायची, कारण तो रोज संध्याकाळी क्रिकेट खेळून, घामाने भिजून, चपला हातात घेऊन घरी यायचा. एकदा खेळ संपल्यावर पाच-सहा मुले कोपऱ्यावर उभी होती. पोलिसांची गाडी थांबली आणि त्यांना चौकीवर नेले. तासभर बसवून ठेवले, नावे लिहून घेतली आणि सोडताना सांगितले, "मवाल्यांनो, परत इथे दिसलात तर बघा." कोणी मारले नाही, केस केली नाही. तो घरी आला. अम्मीला यातले काही माहीत नव्हते. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आला माझा मवाली!" त्याने ताट बाजूला सारले आणि न जेवता झोपला. दुसऱ्या दिवशी मी अम्मीला खरे काय ते सांगितले. त्यानंतर तिने त्याला त्या नावाने कधीच हाक मारली नाही. एका तासात आमच्या घरातला एक लाडाचा शब्द गेला. तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात आहे.

आता तो आला कुठून ते पाहू. आधी एक गैरसमज दूर करते. काही जणांना वाटते की 'मवाली' हा 'मावळा'चा बिघडलेला अवतार आहे. तसे काही नाही. मावळा म्हणजे मावळातला माणूस. घाट चढून गेले की मावळ लागते, आणि आपण पनवेलकर तर लोकसभेला मतदानच मावळ मतदारसंघात करतो. म्हणजे मतदानापुरते आपण सगळे मावळे! मवाली मात्र दुसऱ्याच वाटेने आलेला आहे. तो अरबी शब्द आहे, 'मौला'चे अनेकवचन.

मौला म्हणजे मालक, धनी, पाठीराखा. अल्लाहला आपण मौला म्हणतो. गंमत अशी की अरबीत मौला म्हणजे आश्रितही, मुक्त केलेला गुलामही. धनी आणि त्याच्या आसऱ्याला आलेला, दोघांना एकच शब्द, कारण मूळ धातूचा अर्थ आहे जवळ असणे. याच धातूपासून वली आला, औलिया आला, मौलाना, मौलवी आणि मुतवल्ली आले. तेव्हा तुमच्या मोहल्ल्यातले मौलाना आणि तुमच्या मोहल्ल्यातला मवाली शब्दांच्या नात्याने एकाच घरातले आहेत. हे मौलानांना सांगायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

अरबस्तानात तेव्हा माणूस टोळीमुळे ओळखला जायचा. टोळी नसेल तर जीव गेला तरी दाद मागणारा कोणी नाही. त्यामुळे मुक्त झालेला गुलाम, परका, नव्याने मुसलमान झालेला इराणी किंवा हबशी, हा कोणत्या तरी टोळीचा मौला होऊन राहायचा. कुरआनच्या तेहेतिसाव्या सूरहच्या पाचव्या आयतीत हा शब्द येतो. ज्यांचे वडील कोण हे माहीत नाही, अशांना तुमचे धर्मबंधू आणि तुमचे मवाली समजा, असा तिचा आशय आहे. म्हणजे ज्याला कोणी नाही त्याला आपला म्हणण्यासाठी हा शब्द तिथे आला आहे. हजरत सालिम हे अबू हुजैफा यांचे मौला, मुक्त केलेले गुलाम. हिजरतच्या सुरुवातीच्या दिवसांत कुबा इथे पहिल्या मुहाजिरांची इमामत ते करत, कारण त्यांना कुरआन जास्त पाठ होते.

पुढे राज्य मोठे झाले आणि शब्दाचे दिवस फिरले. उमय्या घराण्याच्या काळात, म्हणजे ६६१ ते ७५० या वर्षांत, मवाली म्हणजे अरब नसलेले मुसलमान. नमाज तीच, कलमा तोच, पण दर्जा खालचा. सैन्यात लढायचे, पण भत्त्यात बरोबरीचा वाटा नाही. मुसलमान झाल्यावरही कित्येकांकडून जिझिया घेतला जात होता, कारण तो माफ केला तर खजिना आटेल ही राज्यकर्त्यांची भीती. इराकचा सुभेदार हज्जाज याने शहरात आलेल्या अशा लोकांना पुन्हा आपापल्या गावी हाकलले. ७१७ मध्ये खलिफा झालेले उमर बिन अब्दुल अजीज यांनी मुसलमान झालेल्याकडून जिझिया घेऊ नये असा हुकूम काढला, पण तीन वर्षांतच त्यांचे निधन झाले. पुढे खुरासानातून उठाव झाला, त्यात मवाली मोठ्या संख्येने होते, आणि ७५० मध्ये उमय्यांची सत्ता गेली.

या खालच्या दर्जाच्या माणसांनी काय केले? हसन बसरी मवाली होते. मक्केचे मोठे मुफ्ती अता बिन अबी रबाह मवाली होते. इमाम अबू हनिफा, ज्यांच्या फिकहवर आपल्यातले बरेच जण चालतात, तेही मवाली घराण्यातले. त्यांचे आजोबा काबूलकडचे होते, असे त्यांचे बहुतेक चरित्रकार सांगतात. आणि अरबी भाषेचे पहिले मोठे व्याकरण लिहिणारा सिबवैह इराणी होता, मवालीच. अरबांना अरबी व्याकरणाचा पाया ग्रंथ एका मवाल्याने दिला.

या जुन्या अर्थाने पाहिले तर या सभागृहात बसलेले जवळजवळ सगळे मवाली आहेत. काही घराण्यांत अरब व्यापाऱ्यांच्या गोष्टी सांगतात, पण आपल्या बहुतेकांचे पूर्वज याच मातीतले, अरब नसलेले मुसलमान.

मग हा शब्द नाक्यावर कसा आला? फारसी-उर्दूत एक जोडशब्द आहे, 'हवाली-मवाली'. म्हणजे बड्या माणसाच्या मागेपुढे असणारी मंडळी, नोकरचाकर, लागेबांधे. त्याचाच पुढचा अर्थ ऐरेगैरे, फुकटे. मला पायऱ्या अशा दिसतात: आश्रित, मग सोबतचा लवाजमा, मग बिनकामाचा लवाजमा, मग धनी नसलेला रिकामटेकडा, आणि शेवटी दंगेखोर. आपल्याकडच्या 'हुजऱ्या'चे असेच झाले. हुजुरात हजर असणारा सेवक, आज त्याचा अर्थ लाळघोट्या.

हे फक्त आपल्याच भाषेत होते असे नाही. तुम्ही सिनेमात 'व्हिलन' म्हणता, तो मूळचा शेतावर राबणारा माणूस. युरोपातल्या जमीनदारांच्या तोंडी कुळाचे नाव ते दुष्टाचे नाव झाले. आणि मराठी माणसाने वाईट वाटून घ्यायचे असेल तर बंगालकडे पाहावे. आपल्याकडे बारगीर म्हणजे सरकारने दिलेल्या घोड्यावर बसणारा स्वार. १७४१ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. तिथे 'बर्गी' हा शब्द लुटारूचा झाला आणि बर्गींची भीती अंगाईगीतात गेली. आपल्या तोंडी हुद्दा, त्यांच्या तोंडी शिवी. त्यांनी भोगलेली लूट खरी होती, हेही आपण मान्य केले पाहिजे. पण शब्द कोणाच्या तोंडी आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

आता मुद्द्यावर येते. वाईट माणसाला लावायचे शब्द दोन जातींचे आहेत. काही शब्द माणसाचे काम सांगतात. 'हरामखोर' म्हणजे हरामाचे खाणारा, जे आपले नाही ते खाणारा. 'बदमाश'मध्ये 'मआश' आहे, म्हणजे उपजीविका. ज्याची कमाई वाईट तो बदमाश. 'बेइमान' म्हणजे दिलेला शब्द मोडणारा. हे कडक शब्द आहेत, पण लावताना तुम्हाला सांगावे लागते की त्याने काय खाल्ले, कसे कमावले, कोणता शब्द मोडला. दुसरे शब्द माणसाची जागा सांगतात. तो कुठे उभा राहतो, कसा दिसतो, कोणत्या वस्तीतला आहे. मवाली त्यातला.

म्हणूनच एखादा मुतवल्ली वक्फची जमीन गिळून बसला, तरी त्याला कोणी मवाली म्हणत नाही. त्याच्याकडे गाडी आहे, पांढरेशुभ्र कपडे आहेत. आणि त्याच वक्फच्या मोकळ्या जागेत खेळायला गेलेल्या पोरांना आपण मवाली म्हणून हाकलतो. दोन्ही शब्द एकाच धातूचे. हरामखोर कोण, हे मात्र आपल्याला दिसत नाही.

जागा सांगणारा शब्द तोंडात असतो तोवर त्याने मन दुखते. तो सरकारी कागदावर गेला की आयुष्य अडकते. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवायची, हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलू द्यायचे नाही. 'भामटा' हा शब्द तुम्ही मघाशी सांगितलात. ते एका जमातीचे नाव आहे, आणि शब्दकोशात त्याचा अर्थ ठक असा आहे. छप्परबंद हे आपले मुसलमान बांधव. नावावरूनच कळते, घरांची छपरे शाकारणारे. त्यांच्यावर खोटी नाणी पाडणारे असा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशातून गेला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा, रामोशी आणि छप्परबंद आहेत, आणि छप्परबंदांपुढे मुस्लिमांसह अशी नोंद आहे. कायदा गेला, पण 'भामटा' हा शब्द शिवी म्हणून आपण सगळे आजही वापरतो. मीही वापरत होते.

इथून गोव्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेलात की शिरढोण लागते, वासुदेव बळवंत फडके यांचे गाव. त्यांनी रामोशी, कोळी अशा लोकांना जमवून १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड केले. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावले, दरोड्यांचे आणि राजद्रोहाचे आरोप ठेवले, एडनला नेऊन कोंडले. १८८३ मध्ये ते तिथेच वारले. सरकारच्या लेखी दरोडेखोर, आपल्या पाठ्यपुस्तकात आद्य क्रांतिकारक. त्यांच्या बरोबरीने लढलेल्या रामोशांना मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगार म्हणूनच वागवले गेले. शिक्का सगळ्यांवर बसतो, पण सगळ्यांचा सारखा पुसला जात नाही.

आजचा कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. 'मवाली' नावाचा कोणताही गुन्हा नाही. पोलीस प्रतिबंधक कारवाई करू शकतात, जिला आपल्याकडे 'चॅप्टर केस' म्हणतात. ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६, १२९ वगैरेंखाली होते आणि तिथेही नोटिशीत कारण लिहावे लागते. तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली होते. पण आदेश काढण्याआधी कलम ५९ प्रमाणे आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवावे लागते, म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, वकील घेऊन जाता येते. आदेश निघालाच तर तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, ऊठसूट वापरायचा नाही. २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका प्रकरणात पोलिसांच्या 'हिस्ट्री शीट'चा विषय निघाला, तेव्हा त्याच न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावले की मागास आणि वंचित समाजांतल्या निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे अशा नोंदींत घालू नका. हे निकाल वाचा. ते आपल्या सगळ्यांसाठी आहेत.

पण मित्रांनो, तक्रार फक्त बाहेरच्यांची करून चालणार नाही. आपली जीभ पाहू. उत्तरेतून कामासाठी आलेल्या मुसलमान मुलांना आपण मराठी मुसलमान काय म्हणतो? त्यांच्या खोल्यांच्या वस्तीला काय म्हणतो? लग्न जमवताना, "त्या मोहल्ल्यातली मुले मवाली असतात," हे वाक्य कोणाच्या घरात ऐकलेले नाही? खानदानी घरातला मुलगा मोटारसायकल भरधाव नेतो तेव्हा तो मस्तीखोर असतो, कसायाचा किंवा पिंजाऱ्याचा मुलगा तेच करतो तेव्हा मवाली ठरतो. उमय्यांनी जे केले तेच आपण आपल्या अंगणात करतो. एकमेकांची थट्टा करू नका, एकमेकांना वाईट नावे ठेवू नका, असे सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत सांगितले आहे. ती पाठ असलेले लोकही नावे ठेवतातच.

कोणी म्हणेल, "मग खरे गुंड नाहीतच का?" आहेत. आपल्या वस्तीतही आहेत. दुकानदाराकडून पैसे उकळणारे आहेत, मुलींच्या मागे गाडी लावणारे आहेत, पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात नशेची पुडी देणारे आहेत. आपला आहे म्हणून त्यांना झाकणे हा गुन्ह्याला हातभार आहे. पण त्यांच्याशी लढायला 'मवाली' हा शब्द कामाचा नाही. तो इतका सैल आहे की त्यात नाक्यावरचा निरपराध मुलगा अडकतो आणि पुडी विकणारा सुटतो.

म्हणून कबूल केलेल्या तीन गोष्टी.

पहिली, तक्रार करताना माणसाचा प्रकार लिहू नका, कृती लिहा. "आमच्या गल्लीत मवाली मुले बसतात" असा अर्ज दिला तर जी मुले हाताशी लागतील ती उचलली जातील. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे, कोणी काय केले, ते लिहा. नाव माहीत नसेल तर गाडीचा नंबर लिहा. आणि अंधार हे कारण असेल, तर दिव्यासाठी महापालिकेकडे वेगळा अर्ज करा. पनवेलला २०१६ पासून महापालिका आहे, तिला कामाला लावा.

दुसरी, तुम्हाला कोणी मवाली म्हटले तर चिडून त्या शब्दासारखे वागू नका. शांतपणे विचारा, "मी काय केले, ते सांगा." घरात विचारा, सोसायटीत विचारा, चौकीत विचारायची वेळ आली तर कोणाला तरी सोबत नेऊन विचारा. या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्या शब्दाला वजन नाही. आणि उत्तर असेल, तर ऐकून घ्या. कदाचित आपले चुकलेले असेल.

तिसरी, मुलांना उभे राहायला जागा द्या. आपल्या मशिदींना, शाळांना, जमातखान्यांना खोल्या आहेत, अंगणे आहेत. संध्याकाळी दोन तास ती उघडी ठेवा. वाचनालय करा, कॅरम ठेवा. मुलींनाही तिथे बसता आले पाहिजे, मोठ्याने हसता आले पाहिजे. जुन्या काळी टोळी नसलेल्याला कोणीतरी आपला म्हणून घेत असे, त्यालाच मौला म्हणत. आपल्या नाक्यावरच्या पोरांना कोण आपले म्हणणार?

माझा भाऊ आता पंचेचाळिशीचा आहे. त्याच्या मुलाला क्रिकेटचे वेड आहे. गेल्या पावसाळ्यात तो पोरगा चिखलाने माखून दारात उभा राहिला. अम्मी खुर्चीत बसली होती. ती काहीतरी बोलणार होती, पण तिने माझ्या भावाकडे पाहिले आणि गप्प राहिली. मग भाऊच म्हणाला, "अम्मी, बोल ना. आला तुझा मवाली."

शब्द असा परत मिळवता येतो. पण आधी तो दुसऱ्याच्या पोरावर फेकायचे आपण थांबवले पाहिजे.